दर्यावाटे आलेलं पाकीट

पोस्टातली नोकरी आणि जुनी तिकिटं जमवण्याचा नाद, ही दोन्ही एकाच माणसाला असली की त्याच्या अंगात थोडी मस्ती येतेच. माझ्या अंगात ती भरपूर होती. जुन्या पाकिटावरचा शिक्का पाहून ते कुठून निघालं, किती ठिकाणी थांबलं, कुठे उशीर झाला हे मी घडाघडा सांगत असे. समोरचा माणूस तोंड उघडं टाकून ऐकू लागला की मला आणखी चेव यायचा.

एकोणीसशे पन्नासची वर्षं संपत आली होती. मी मूळचा मालवणजवळच्या कट्टा गावचा, म्हणजे बाजारपेठेतला, एस.टी.च्या धुळीतला. समुद्राशी माझा संबंध बाजारात येणाऱ्या म्हावऱ्याइतकाच. तोंडवलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, खाडीपलीकडच्या एका लहान गावात माझी पोस्टमास्तर म्हणून बदली झाली. ऑफिस म्हणजे नळीच्या कौलांचं छप्पर असलेली एक खोली, एक टेबल, एक कुलुपाची पेटी आणि माझ्या बापाच्या वयाचा एक पोस्टमन. पोस्टमन त्याच गावचा. त्याचा बाप याच ऑफिसात पोस्टमन होता. टपालाची थैली मालवणहून गाडीने खाडीपर्यंत यायची आणि तिथून तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, अलीकडे. पावसाळ्यात खाडी खवळली की तर बंद, आणि तर बंद की टपालही बंद.

मी आलो तो मार्गशीर्षात. फाल्गुन उजाडेपर्यंत गावात माझ्या भिंगाची कीर्ती झाली होती. ते भिंग मी कट्ट्याच्या घड्याळदुरुस्तीवाल्याकडून मागून आणलं होतं आणि परत करायचं नाव काढत नव्हतो.

गावात तेव्हा एक वाद चालला होता. नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ कोणी द्यायचा हा तो वाद. हा मान तीन पिढ्या एका तांडेलाच्या घराकडे होता. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्या घरातले आताचे कर्ते म्हणजे सत्तरीचे एक आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणत असे. उंच, वाळलेले, बोलायला कमी. त्यांच्या घराला मान मिळाला त्याची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. राणीच्या राज्यात एका आषाढात पंधरा दिवस खाड्या भरलेल्या, तरींची ये-जा बंद, टपाल नाही. गावातली निम्मी माणसं मुंबईला, आणि तिकडे तापाची साथ आलेली. कोण जगलं, कोण गेलं, काही कळत नव्हतं. त्या वेळी आबांचे आजोबा देवगडला अडकून पडले होते. तिथे टपालाच्या थैल्या पडून आहेत असं कळल्यावर त्यांनी आपल्या गावची थैली मागून घेतली आणि ज्या दिवसांत कोणी होडी पाण्यात घालत नाही त्या दिवसांत ती होडीतून आणली. थैली फोडली तर तिच्यात एक पत्र त्यांच्याच नावाचं होतं, मुंबईच्या भावाचं. स्वतःचं पत्र स्वतःच आणणारा टपालवाला मी दुसरा ऐकलेला नाही.

त्या पत्राचं पाकीट आबांच्या घरी होतं. मानाचा पुरावा म्हणायचा तर तेवढाच.

वाद उकरून काढला तो मुंबईहून परत आलेल्या एका गृहस्थाने. त्याने नवी मोठी होडी बांधली होती आणि आता त्याला मानही नवा हवा होता. तो म्हणाला, गोष्ट कोणीही सांगेल, कागद खरा कशावरून? देवळात बैठक बसली. गावचे वडील मानकरी म्हणाले, पोस्टातला माणूस गावात आहे, त्याला दाखवा. तो सांगेल ते दोघांनीही मानायचं.

दुसऱ्या दिवशी आबा ऑफिसात आले. फणसाच्या दोन पातळ फळ्यांमध्ये पाकीट धरून त्यांनी ते सुतळीने बांधून आणलं होतं. माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मास्तर, हळू सोडा. सुतळी नवी आसा, पण आतला जुना आसा."

मी सुतळी सोडली आणि भिंग उचललं. राणीच्या तोंडवळ्याचं निळं अर्ध्या आण्याचं तिकीट, चारी बाजूंनी शाबूत. त्यावर मुंबईचा गोल शिक्का, त्यातली तारीख स्वच्छ, महिना जुलै. पाठीमागे आमच्याच ऑफिसचा पोचल्याचा शिक्का. आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या ऑफिसचा त्या काळचा शिक्का मी कुठल्या कॅटलॉगात पाहिला नव्हता, कोणाच्या संग्रहात असल्याचं ऐकलं नव्हतं. त्याखाली तेव्हाच्या पोस्टमास्तराने मोडीत एक ओळ लिहिलेली: दर्यावाटे आली, तांडेलाहाती. कडेला हळदकुंकवाचा डाग. दर नारळी पौर्णिमेला सकाळी हे पाकीट देवांपुढे ठेवून मगच त्या घरातला माणूस किनाऱ्यावर जात असे. कागदाला चुलीच्या धुराचा वास होता.

दोन दिवस मी पाकीट ठेवून घेतलं. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी ते खरं आहे असं मानूनच पाहत होतो. कागद त्या काळचा, शाई बसलेली, मोडीचं वळण जुनं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही शिक्क्यांच्या तारखा कागदावर लिहून घेतल्या आणि ताडकन उठून उभा राहिलो. पत्र मुंबईहून निघण्याच्या पाच दिवस आधीच आमच्या गावात पोचलं होतं!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्या आनंदाची आजही लाज वाटते. कोणाचं तरी मोठं नुकसान आपल्या हातात सापडलंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चूक सापडली, ती मला सापडली, एवढंच दिसत होतं.

देवळात मी भिंग हातात घेऊन उभा राहिलो आणि ऑफिसातल्या मराठीत बोललो. "प्रत्येक पोस्टात शिक्क्यातले तारखेचे खिळे, म्हणजे सुटे आकडे, रोज सकाळी बदलतात. पहिला ठसा वहीत घेतात, त्यावर पोस्टमास्तर सही करतो. हा नियम राणीच्या काळापासून आहे. पत्र निघण्याआधी पोचू शकत नाही. तिकीट आणि मुंबईचा शिक्का खरा आहे, पण मागचा शिक्का मागाहून कोणीतरी उठवला आहे. तो बनावट आहे."

पोस्टमन खांबाला टेकून बसला होता, तो खाली बघत होता. आबा सावकाश उठले.

"म्हंजे माझ्या बापाशीन माका खोटा सांगल्यान?"

"ते मी कसं सांगणार? मी शिक्क्याचं सांगतो," मी म्हणालो.

असं तोडून बोलायची काही गरज नव्हती. पण तेव्हा माझी जीभ माझ्या आधी पोचायची. आबांनी पाकीट उचललं, फळ्यांमध्ये घातलं, सुतळीची गाठ मारली. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग वडील मानकऱ्यांकडे वळून ते म्हणाले, "ठरल्याप्रमाणा मान सोडलंय," आणि निघून गेले.

त्या श्रावणात पहिला नारळ नव्या होडीवाल्याने दिला. मी किनाऱ्यावर होतो. आबा दिसले नाहीत. पुढे रस्त्यात भेटले की ते मला आधीसारखाच रामराम घालत, एक शब्द वावगा बोलत नसत. त्याने मला जास्त अवघडल्यासारखं होई. मग मी स्वतःला समजावत असे की आपण खरं तेच सांगितलं, त्याला कोण काय करणार.

माझा तिथला पहिला पावसाळा सौम्य गेला. तर बंद झाली तरी दिवस दोन दिवस. दुसऱ्या पावसाळ्याने मात्र आषाढात ठाण मांडलं. खाडीचं पाणी गढूळ होऊन माडांच्या बुंध्यांपर्यंत आलं आणि तर बांधून ठेवली ती ठेवलीच. पहिले तीन दिवस मी नियमाप्रमाणे सकाळी शिक्क्यातले खिळे बदलले, वहीत ठसा घेतला, सही केली. ऑफिसात माणूस म्हणून फिरकत नव्हता. टाकलेलं पत्र जाणार कुठे? त्या खाऱ्या ओल्या हवेत लोखंडाचे खिळे रातोरात तांबडे होत. तिसऱ्या दिवशी खिळा अडकला, तो काढताना माझं बोट कापलं आणि माझं डोकं फिरलं.

पोस्टमन म्हणाला, "सायबानू, डाक नाय, गिरायक नाय. शिक्को कित्या उगडतास? तेल लावन गुंडाळून ठेवतंय."

मी म्हटलं, ठेवा. त्याने शिक्क्याला खोबरेल लावलं, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. वहीतले ठसे मागाहून घेऊ, असं मी मनाशी ठरवलं. नियम सांगणारा मीच तो.

नवव्या दिवशी दुपारी पाऊस जरा उघडला आणि पलीकडून एका होडीवाल्याने हिंमत करून थैली आणली. त्याची आरोळी ऐकूनच वाडीतली माणसं धावली. ऑफिसच्या दारात ही गर्दी. "माझा आसा काय?" "माझ्या झिलाचा बघा, सायबानू." एक बाई तर खिडकीच्या गजांतून हात आत घालून उभी होती. मी लाख फोडली, थैली उपडी केली, पोस्टमनने फडकं सोडून शिक्का पुढे केला आणि मी धडाधड ठसे मारत सुटलो. तेलामुळे पहिले दोन-चार पुसट उठले, मग छान उठू लागले. पोस्टमन नाव वाचून पत्र हातात देत होता. दहा-पंधरा मिनिटांत सगळं टपाल वाटून झालं, दार रिकामं झालं.

टेबलावर एक कार्ड उरलं. ते माझंच होतं, कट्ट्याहून आईने घातलेलं. वर ठसा मीच मारला होता, पण गडबडीत नाव पाहिलं नव्हतं. आईने लिहिलं होतं की तुझी काळजी वाटते, भिंगासाठी घड्याळवाला रोज विचारतो. मी हसलो, कार्ड उलटं केलं आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो.

कट्ट्याचा शिक्का दोन दिवसांपूर्वीचा होता. आमचा सहा दिवसांपूर्वीचा. आईने कार्ड पेटीत टाकण्याच्या चार दिवस आधी ते मला मिळालं होतं.

शिक्का मी उचलून पाहिला. गुंडाळला त्या दिवसाची तारीख त्यात जशीच्या तशी बसलेली. तेवढ्यात पोस्टमन हात पुसत आत आला. मी कार्ड त्याच्यापुढे धरलं.

त्याने पाहिलं आणि खांदे उडवले. "ह्या काय नवीन? मोठ्या पावसात असाच जाता. माझ्या बापाशीच्या वक्तार पण शिक्को तेलातच असायचो. डाक इली काय लोका दारार. तारीख कोण बघता?"

"म्हणजे आबांच्या पाकिटावरसुद्धा..."

"तसाच झाला आसताला."

माझा आवाज चढला. "अहो, मग त्या दिवशी देवळात तुम्ही होतात! बोलला का नाहीत?"

तो शांतपणे म्हणाला, "तुमी माका इचारलास खंय?"

खरंच, एवढ्या दोन दिवसांत मी भिंगाला विचारलं, कॅटलॉगाला विचारलं, पण चाळीस वर्षं तोच शिक्का हाताळणाऱ्या शेजारच्या माणसाला विचारायचं मला सुचलं नव्हतं. आणि थोडी अक्कल चालवली असती तर कळलं असतं, की मागाहून खोटा शिक्का करणारा माणूस दुसरं काही नाही तरी तारखा जुळवून घेईल. पंधरा दिवस टपाल नाही, शिक्का तेलात झोपलेला, आणि अचानक दर्यातून थैली दारात. त्या दिवशी त्या पोस्टमास्तराच्या हातून चुकीची तारीख पडली, मग त्याने ते पत्र कसं आलं हे खाली कौतुकाने लिहून ठेवलं. ज्या चुकीवरून मी त्याला खोटा ठरवला, ती चूकच तो खरा असल्याचं सांगत होती.

त्याच दिवशी संध्याकाळी मी छत्री घेऊन आबांच्या घरी गेलो. ते पडवीत जाळं विणत बसले होते. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं, शिक्का तेलात ठेवल्यापासून सगळं. त्यांचे हात जाळ्यातच थांबले. मी माफी मागितली. त्यांनी कार्ड परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, "देवळात सांगलास ना? मगे आता पण देवळातच सांगा."

सांगायला हवंच होतं, पण ते सोपं नव्हतं. सरकारी नोकराने चारचौघांत उभं राहून सांगायचं की मी सहा दिवस शिक्का बदलला नाही, वही भरली नाही आणि गावभर खोट्या तारखेची पत्रं वाटली. नारळी पौर्णिमेच्या आधी बैठक बसली तेव्हा मी आईचं कार्ड आणि आबांचं पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. भिंग मी परत करून आलो होतो. तारखा उघड्या डोळ्यांनी दिसत होत्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचल्या आणि बाकीच्यांना सांगितल्या. मग लोकांनी घरून आपापली पत्रं आणली. प्रत्येकावर तीच जुनी तारीख.

नव्या होडीवाल्याने विचारलं, "मास्तर, तुमचा तेवाचा खरा धरूचा काय आताचा?"

"आताचं," मी म्हणालो. "तेव्हा मी नियम सांगितला होता. आता स्वतः केलेलं सांगतोय."

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. त्या हसण्याने माझे कान लाल झाले, पण बरंही वाटलं. वडील मानकऱ्यांनी पोस्टमनला विचारलं, त्याने तेलाची गोष्ट सांगितली. मान आबांच्या घरी परत गेला. पौर्णिमेला आबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि नारळ सोडला. नवा होडीवालाही तिथे हात जोडून उभा होता. माझ्याविरुद्ध निनावी तक्रार गेली, वरून कडक शब्दांतली समज आली. ती मी त्या कार्डाबरोबर अजून ठेवलेली आहे.

मला वाटलं, झालं, फिटलं. पण आबा त्या दिवशीही माझ्याशी बोलले नाहीत. रामराम मात्र होताच. माझा स्वभाव तापट, मनात म्हटलं, माणसाने आणखी काय करायचं?

भाद्रपदाचा काळा पंधरवडा लागला. एका सकाळी आबांची सून ऑफिसात आली. "मामंजींनी सांगल्यानी, आज म्हाळ आसा. दुपारी जेवूक येवा." म्हाळ म्हणजे पितरांचं जेवण. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक पान मांडतात आणि त्यावर भावकीतल्या कोणाला तरी बसवतात. त्या पानावर जो जेवतो तो त्या वेळेपुरता तो पितर.

मी गेलो तेव्हा ओटीवर पंगत मांडली होती. केळीच्या पानांवर वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, अळू, खीर. अंगणात कावळ्याचं पान ठेवलेलं. मी शेवटच्या पाटाकडे निघालो, तर आबांनी माझा दंड धरला आणि मला पहिल्या पानापाशी आणलं.

"हेच्यार बसा. ह्या आज्याचा पान."

"मी? आबा, मी तुमच्या भावकीतला नाही."

"भावकीक बाकीची पाना आसत," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "गेल्या म्हाळाक ह्या पान मी मांडूक नाय. ज्याना खोटो कागद करून मान घेतल्यान, तेका पंगतीक कसो बसवतलंय? बापाशीक वाढलंय, तो पण माझ्याशी खोटा बोललो म्हणून रागान वाढलंय."

मला तोपर्यंत वाटत होतं की मी त्यांचा फक्त नारळ नेला होता. पहिल्या पाटावर मी बसलो. आबांनी स्वतःच्या हाताने वाढलं, पानाभोवती पाणी फिरवलं, माझ्यासमोर वाकून दोन्ही हात जोडले. तो नमस्कार मला नव्हता, तरी मी तो घेतला, कारण त्या पानावर बसणाऱ्याने घ्यायचा असतो. वडा मोडला आणि तुकडा तसाच हातात धरून बसलो. पंगत माझ्यासाठी थांबली होती.

आबा तसेच समोर उभे होते.

"जेवा, मास्तर," ते म्हणाले. "आजो एक वरीस उपाशी आसा."

मी जेवलो. वडे दोनदा मागून घेतले आणि पानावर काही ठेवलं नाही.